इनास मेस्त्री आणि धामणीचा दांडा

"सोडा! आधी मला सोडा! इनासबाबा, खाली करा ते! दोन पोरी आहेत हो मला लग्नाच्या!"

अंतोन ओरडत होता. चर्चमागच्या भेंडीच्या झाडाला त्याला काथ्याच्या दोरीचे नऊ वेढे देऊन बांधलं होतं. अंगावर त्याच्याच घरचा पांढरा पलंगपोस, मनगटावर घड्याळ आणि डोळे गच्च मिटलेले. आवाज असा, की भेंडीवरचे कावळे जे उडाले ते थेट अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जाऊन बसले. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि दोन प्रवासी, आपला स्टॉप आला असं समजून, उतरूनही गेले. लग्नाच्या त्या दोन पोरींपैकी एक दुसरीत होती आणि एक बालवाडीत.

अंतोनपासून तीस पावलांवर इनास मेस्त्री उभे होते. धोतरासारखी दुमडलेली लुंगी, उघडी पाठ, दोन्ही कानांवर पेन्सिली, आणि हातात पुरुषभर उंचीचं धनुष्य, दोरी कानापर्यंत ताणलेली. एक डोळा मिटलेला.

बाण नव्हता. पण डोळे मिटलेल्या अंतोनला ते कोण सांगणार? आणि मेस्त्री अंतोनकडे बघतच नव्हते. ते लाकडाकडे बघत होते. समोर माणूस बांधलाय, तो बोंबलतोय, तालमीला जमलेलं अर्धं गाव पोट धरून हसतंय, यातलं त्यांना काहीही ठाऊक नव्हतं.

"गप रे जरा," ते म्हणाले, "धनुष्याचा वरचा हात कसा वाकतो ते बघू दे."

मग त्यांनी दोरी इंच इंच सैल करत परत आणली, झोपलेलं मूल मांडीवरून उतरवावं तशी. रिकामी दोरी त्यांनी कधीच सोडली नाही. बाण असला तर जोर बाण घेऊन जातो, नसला तर सगळा मार लाकडाच्याच अंगावर, असं त्यांचं म्हणणं. अंतोनला सोडवलं तेव्हा त्याने पहिलं काम काय केलं? घड्याळ काढून कानाला लावलं. चालू होतं. मग त्याने स्वतःची नाडी बघितली.

या गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर निम्मं गाव म्हणेल असं काही घडलंच नाही, आणि उरलेलं निम्मं म्हणेल की ते धनुष्य आमच्याच आजोबांनी केलेलं. बोळिंजच्या पलीकडे, भातशेती आणि मिठागरं संपतात तिथे कुठेतरी, एवढं पुरे. नव्वदच्या दशकात मी बोळिंजला फ्लॅट घेतला, तेव्हा बिल्डरने दरवाजा म्हणून जे बसवलं होतं ते पहिल्याच पावसाळ्यात फुग्यासारखं फुगलं. उघडायला आतून खांदा आणि बाहेरून लाथ लागायची. शेजारच्या गावात एक म्हातारा मेस्त्री आहे असं कोणीतरी सांगितलं. मी गेलो आणि माझ्या आयुष्यातले चार महिने दरवाजाविना गेले.

चार महिने! दाराला चादर लावून आम्ही राहिलो. पोस्टमन सरळ स्वयंपाकघरात यायचा. एकदा एक बकरी येऊन टीव्ही बघून गेली. मी मेस्त्रींकडे खेटे घालायचो आणि ते लाकडाच्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावून बसलेले असायचे, डॉक्टरसारखे.

"मेस्त्री, कधी?"

"बघू."

"बघू" हा त्यांच्या कोशातला सगळ्यात निश्चित शब्द होता. "नाही" असेल तर ते उठून आत जायचे. "हो" म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही, आणि त्यांच्या लग्नातही फादरने विचारल्यावर ते "बघू" म्हणाले होते, असं गावात छातीठोकपणे सांगणारे चार साक्षीदार मला भेटले. त्यातले तीन त्या लग्नाच्या वेळी जन्मलेही नव्हते, पण गावात एवढं चालतं.

उजव्या कानावर लाल पेन्सिल, डाव्यावर निळी. जिथून काढायचं तिथे लाल, जिथे हात लावायचा नाही तिथे निळी. आणि संध्याकाळी काम थांबवताना ते लाकडावर स्वतःलाच चिठ्ठी लिहून ठेवायचे, "उद्या". माझा दरवाजा शेवटी बसला. तो आजतागायत केसभरही फुगलेला नाही, आणि त्याच्या वरच्या कडेवर, स्टुलावर चढलं तर, निळ्या अक्षरांत "उद्या" वाचता येतं. बिल्डिंगमधल्या बाकीच्या एकोणीस दारांना अजून लाथा बसतात.

टेप त्यांच्याकडे होती, पण ती कात्रीनबायच्या शिवणाच्या डब्यात. कात्रीनबाय म्हणजे त्यांची बायको. मेस्त्री मापं घ्यायचे ती विती, मुठी आणि बोटांनी. एकदा चर्चमधल्या पापनिवेदनाच्या लाकडी खोलीतली गुडघे टेकायची फळी करकरते म्हणून फादरने त्यांना बोलावलं. मेस्त्रींनी तासभर फळीवर गुडघे टेकून बघितले आणि हात झाडत बाहेर आले. "राहू दे, फादर. मानूस गुडघ्यावर आला हे वरती कळाया नको?" फादर हसले, आणि फळी तशीच राहिली. पुढे गावातल्या बायका करकर किती वेळ चालली यावरून कोणाचं पाप किती मोठं ते ओळखायला लागल्या, म्हणून शेवटी फादरनेच तिथे रबर ठोकलं.

तर धनुष्य.

त्या गावच्या संताला रोमन सैनिकांनी झाडाला बांधून बाण मारले होते. जानेवारीत त्याचा सण. त्या वर्षी सणाला संताच्या जीवनावर नाटक करायचं ठरलं. सेक्रेटरी वॉल्टर, दिग्दर्शक वॉल्टर, लेखक वॉल्टर. संत अंतोन, कारण तो बँकेत होता आणि लोकांचं ऐकून घ्यायची त्याला सवय होती. बाण मारणारा मुख्य सैनिक ग्लेन, कारण त्याने विरारच्या एका जिममध्ये पूर्ण वर्षाची फी भरली होती. आणि विंगेत उभं राहून वाक्यं पुरवायला मी, कारण माझं मराठी "पुस्तकासारखं" आहे असं वॉल्टरला वाटायचं.

वॉल्टरने सातिवलीच्या एका कारखान्यातून प्लायवूडचं धनुष्य कापून आणलं, सोनेरी रंग देऊन. सभेत ते हातोहात फिरलं. सगळे वा वा करत होते. फिरत फिरत ते मेस्त्रींच्या हातात आलं. मेस्त्रींनी वास घेतला. टकटक केली. कान लावला. मग दोन बोटांनी दोरी ओढली, फक्त दोन, आणि धनुष्याचा पापडासारखा कडकन तुकडा पडला.

"अहो, काय केलंत!" वॉल्टर उठून उभा राहिला.

"मी कुठं केलं? मी इचारलं फकस्त."

"नाटकातलं आहे ते, मेस्त्री! दिसायला पाहिजे, बस."

मेस्त्रींनी दोन्ही तुकडे त्याच्या हातात नीट जुळवून ठेवले. "तुमचा संत मेला कशान, वॉल्टर? रंगान? त्याला मारनारे सैनिक शिकारी होते. रानडुकराला मारायचं धनुष्य होतं त्यांच्याकडं. हे घेऊन आले असते तर तो आज पन जिवंत असता."

संत बाणांनी नव्हे, पुढे सोट्यांच्या माराने गेला, हे सांगायला फादर त्या सभेत नव्हते. वॉल्टर लाल झाला आणि चिडून म्हणाला, "मग करा तुम्ही! शिकारीचं करा! सणाच्या दिवशी मोडलं तर मात्र गावासमोर तुम्ही उत्तर द्यायचं!"

"बघू," मेस्त्री म्हणाले, आणि हातात काम नसलेल्या माणसाचा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळला. कारण त्या काळात त्यांच्याकडे कोण येत होतं? खिडक्या ॲल्युमिनियमच्या झाल्या होत्या, कपाटं ट्रकमधून तयार येत होती. दुकानाच्या ओसरीवर मेस्त्री कोंबड्यांसाठी खुराडी करायचे, आणि त्या खुराड्यांना इतके सुबक सांधे असायचे की कोंबड्या आत जायला लाजायच्या.

दुसऱ्या दिवशी ते फुलपाड्याच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाशी असलेल्या पाड्यावर जान्यादादांकडे गेले. मला ओझं वाहायला नेलं होतं, पण ओझं मिळालंच नाही. जान्यादादा वारली समाजातले, मेस्त्रींचे तीस वर्षांपासूनचे दोस्त. त्यांच्या घराच्या आढ्याला त्यांचा तिरकामठा टांगलेला होता. शिकार केव्हाच बंद झालेली. पण दोरी काढून, तेल पुसून, तो टांगून ठेवलेला. मेस्त्रींनी तो खाली घेऊन असा बघितला, जसा दुसरा एखादा देव्हारा बघेल.

"धामण," जान्यादादा म्हणाले. धामण म्हणजे साप नव्हे, झाड. कितीही वाकवा, परत उभं राहतं. कुऱ्हाडीचे दांडे त्याचे, कावडी त्याच्या. "पाठीला एकच पापुद्रा सलग ठेवायचा, मेस्त्री. झाडाने वर्षावर्षाला चढवलेला. तो कुठं तुटला की कामठा तुटला."

"म्हंजे तासायचं ते पोटाकडून."

"पोटाकडूनच. पाठीला हात नाय लावायचा."

मेस्त्रींना हे वाक्य इतकं आवडलं की पुढे महिनाभर ते सगळ्या जगाला लावत होते. कोणाचं भांडण सोडवायला गेले तरी तेच. "पोटातलं काय काढायचं ते काढा, पाठीवर जाऊ नका." ग्लेनच्या आईला त्यांनी पोराला कसं ओरडावं हेसुद्धा याच नियमाने समजावलं.

"मग देतोस का तोडून एक?" मेस्त्रींनी विचारलं.

"तोडून दिलं तर सावलीत वर्ष काढेल तेव्हा बोलाया लागेल. तुमचा सण कधी?"

"तीन महिन्यांनी."

जान्यादादा हसले. "मग म्हातारं लाकूड बघा. कोनाच्या तरी खांद्यावर आसेल."

परतताना मेस्त्री रेल्वेच्या फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "मला ठाऊक आहे कोनाच्या खांद्यावर." आणि घाबरले. इनास मेस्त्रींना घाबरलेलं मी तेवढं एकदाच बघितलं.

त्यांच्या घराच्या दारामागे एक कावड उभी असायची. कात्रीनबायच्या बापाची. तो वाडीवाला माणूस. चाळीस वर्षं त्या धामणीच्या दांड्याच्या दोन टोकांना टोपल्या लटकवून त्याने केळी आणि विड्याची पानं स्टेशनापर्यंत नेली होती. दोरीने घासून घासून दोन्ही टोकांना आपोआप खाचा पडलेल्या. मधोमध, खांद्यावर टेकायचा तिथे, लाकूड असं गुळगुळीत की त्यात तोंड बघून भांग पाडावा. बाप गेला तेव्हा भावांनी वाडी घेतली, कात्रीनबायने कावड मागून घेतली.

आणि मेस्त्रींनी ती मागितली. कशी मागितली ते मला माहीत नाही, पण उत्तर मी माझ्या बोळिंजच्या बाल्कनीत ऐकलं, वारा उलटा असताना. नवरा मिठागराकडचा, बायको वाडीकडची, दोघांच्या गावांत तीन मैल आणि बोलीत खाडी. साधं बोलताना ते एकमेकांचं ऐकून घ्यायचे, पण भांडण व्हायचं ते दोघांच्या आपापल्या बोलीत, त्यामुळे दोन भांडणं एकाच वेळी चालल्यासारखं वाटायचं. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो.

"माझ्या बापाचा खांदा आहे तो! त्याला रंधा लावणार?"

"रंधा नाय. कानस."

"आणि मोडलं तर? दुसरा बाप आणशील?"

यावर मेस्त्री "बघू" म्हणाले. नको होतं म्हणायला.

आठ दिवस त्यांनी जेवण ओसरीवर घेतलं. नवव्या दिवशी कात्रीनबायने कावड आणून त्यांच्यासमोर आपटली. का, ते तिने सांगितलं नाही. गावात म्हणतात, वॉल्टर दुसरं प्लायवूड कापून आणतोय ही बातमी तिच्यापर्यंत गेली होती. नवऱ्याला काय बोलायचं ते ती बोलेल, पण वॉल्टरने बोलायचं नाही. एवढंच म्हणाली, "ही कावड आहे. काहीही कर, कावडच राहील. आणि मोडलीस तर ओसरीसुद्धा नाही."

एकच दांडा. चुकलं तर दुसरा नाही.

मेस्त्री आधी चार दिवस त्याच्याकडे नुसते बघत बसले. कावड ओझ्याने खाली वाकते, म्हणजे वरची बाजू चाळीस वर्षं ताणलेली आणि खालची दबलेली. मेस्त्रींनी ठरवलं, तिची सवय मोडायची नाही. वरची बाजू धनुष्याची पाठ, तिला हात नाही, निळ्या पेन्सिलीची रेघ. खालची बाजू पोट. बापाच्या दोरीने पडलेल्या टोकांच्या खाचा तशाच ठेवल्या, त्यातच धनुष्याची दोरी बसणार. खांद्याची गुळगुळीत जागा म्हणजे मूठ. एवढं आयतं धनुष्य चाळीस वर्षं केळी वाहत होतं, असं म्हणून ते स्वतःशीच हसले. मग ग्लेनला बोलावून शिंप्यासारखी त्याची मापं घेतली: उंची, हाताची लांबी, छाती. ग्लेनने छाती फुगवून दिली. ते पुढे महागात पडलं.

मग तासणं सुरू झालं. वाकसाने दोन दिवस, कानशीने दहा, आणि शेवटी फुटक्या काचेच्या तुकड्याने, लाकडाची अशी पातळ साल काढत की ती हवेत उडून शेजाऱ्याच्या चहात पडायची. दर संध्याकाळी लाकडावर "उद्या". इतके "उद्या" साठले की एका रात्रीत कोणी वाचलं असतं तर त्याला सगळा महिना कळला असता.

पण नुसतं तासून धनुष्य होत नाही. मुठीच्या वरचा आणि खालचा, त्याचे दोन्ही हात सारखे वाकायला हवेत. त्यासाठी मेस्त्रींनी घराच्या भिंतीत खुंटी ठोकली, तिच्यावर धनुष्य मुठीशी आडवं ठेवलं, दोरीला दुसरी दोरी बांधून ती विहिरीच्या कप्पीवरून खाली घेतली. भिंतीवर खडूने रेघा आखल्या. आता कोणीतरी दोरी ओढायची आणि मेस्त्रींनी अंगणाच्या त्या टोकाला उभं राहून वाकण्याची कमान बघायची. जान्यादादांनी घायपाताच्या वाखाची दोरी वळून पाठवली होती. ओढायला माणूस हवा होता.

मी ओढली. मेस्त्री म्हणाले, "तू ओढतोस तशी फाईल ओढतात."

मग एके सकाळी कात्रीनबाय, लाल लुगड्याचा पदर खोचून, दोरी धरून उभी राहिली. आठ आणि किती दिवसांचा अबोला होता. त्यानंतर त्यांच्यात जे शब्द गेले ते दोनच.

"ओढ," मेस्त्री म्हणायचे. मग, "सैल."

चाळीस दिवस! सकाळी शंभरदा, संध्याकाळी शंभरदा. आधी चार बोटं, मग एक वीत, मग दीड. जवळून जाणाऱ्यांना वाटायचं या घरात विहीर भिंतीतच खोदली आहे. पाणी शेंदायची, टोपल्या उचलायची सवय असलेली बाई, पण त्या चाळीस दिवसांत तिचे दंड असे झाले की ग्लेन तिच्यासमोरून बाह्या खाली करून जायचा.

पण एक हात जुळेना. एका बाजूचा वाकायचा जास्त, दुसरा ताठ. मेस्त्री ताठ बाजूने काच फिरवायचे, दुसऱ्या दिवशी दुसरीच बाजू बिघडायची. लाकूड संपत चाललं होतं. मेस्त्रींचा चेहराही. त्या दिवसांत एकदा मला म्हणाले, "गाव काय म्हनल त्याचं मला नाय. मोडलं तर मोडलं म्हनतील. पन ही रोज ओढते आनि रोज शेजारनीला सांगते, कावड वाकवून आले. एकदा, एकदाच तिनं धनुष्य म्हनलं पायजे. म्हंजे मी तिच्या बापाचं काय वाईट नाय केलं."

त्याच संध्याकाळी दोरी ओढता ओढता कात्रीनबाय अबोला विसरली. "ती बाजू दमलेली आहे," ती म्हणाली.

"काय?"

"बाबा मागची टोपली जड ठेवायचा. पुढची हलकी, म्हणजे पाय दिसतात. मागच्या टोकाने चाळीस वर्षं जास्त उचललंय. तू त्याला पुढच्यासारखं करायला बघतोस. कसं होईल?"

मेस्त्रींनी धनुष्य उतरवून उलटं केलं, म्हणजे धरताना दमलेली बाजू वर येईल आणि ताठ बाजू खाली, जिथे मुठीखाली जास्त जोर लागतो. दोन्ही पेन्सिली कानांवरून काढून खिशात ठेवल्या, म्हणजे तासणं संपलं. पुन्हा खुंटीवर चढवलं. कात्रीनबायने ओढलं. भिंतीवर खडूच्या रेघांत दोन्ही हात असे उतरले, जशा एकाच पक्ष्याच्या दोन पंखांच्या सावल्या.

"हं," मेस्त्री म्हणाले.

"वाकली कावड?" कात्रीनबाय म्हणाली, आणि चूल बघायला आत गेली.

राहिलं काम फक्त खोबरेल तेलाचं आणि तालमीत हाताने ताणून बघण्याचं, ज्यात, सुरुवातीला सांगितलं तसा, अंतोनचा जीव अर्धा झाला होता ते. पण मेस्त्रींनी सणाच्या सकाळपर्यंत कोणालाही हात लावू दिला नाही. ग्लेन तालमीत धनुष्याऐवजी छत्री ताणायचा. खूप छान ताणायचा. वॉल्टर म्हणायचा, "बघा, काय ताकद!"

सणाच्या संध्याकाळी चर्चसमोर मांडव, हजार माणसं. तुम्ही तिथे असाल तर म्हणाल चारशे, पण मग तुम्ही मागच्या बाजूची मोजली नाहीत. मेस्त्री शेवटच्या रांगेत, मांडवाच्या दाराशी बसले, मोडलं तर पळता यावं म्हणून. कात्रीनबाय पुढे बायकांत. बाण मेस्त्रींनीच केलेला, टोकाला बोथट लाकडी गुंडी. तो अंतोनला मारायचा नव्हता. अंतोनच्या पलंगपोसाला, दोरा ओढला की उभे राहणारे बाण आधीच शिवलेले होते. खरा बाण जायचा विंगेत, पेंढ्याच्या भाऱ्यात. भाऱ्याशेजारी मी, हातात वही. आणि माझ्या मागे चहाचं मोठं पातेलं.

तिसरा अंक. अंतोन झाडाला बांधलेला. ग्लेन पुढे आला, सोनेरी पुठ्ठ्याचं शिरस्त्राण, हातात कावड... हातात धनुष्य. त्याने वाक्य म्हटलं. दोरी धरली. ओढली.

दोरी हलली नाही.

ग्लेनने परत ओढली. मानेच्या शिरा सुतळीसारख्या झाल्या. फुगवलेल्या छातीचं माप घेतलेलं धनुष्य, न फुगवलेल्या छातीला कसं दाद देणार? दुसरा सैनिक आला. तिसरा आला. शेवटी सम्राट सिंहासन सोडून आला. चौघांनी मिळून धनुष्य चार बोटं वाकवलं आणि चौघेही धापा टाकत बाजूला झाले. अंतोनला बिचाऱ्याला प्रार्थनेचं वाक्य तीनदा म्हणावं लागलं. मांडवात हसू फुटलं. आधी पोरं, मग बाप्ये. मागून कोणीतरी ओरडलं, "प्लायवूडच बरं होतं रे!" आणि दुसरा, "केळी लटकवा त्याला, केळी!"

त्या केळ्यांवर कात्रीनबाय उठली.

मेस्त्री मागून गुडघे ओलांडत, पाय तुडवत निघाले होते, पण ते अर्ध्यात होते तोवर ती स्टेजवर होती. लाल लुगडं, पदर खोचलेला, चपला खाली काढून ठेवलेल्या. रोमच्या इतिहासात अशी सैनिक झाली नसेल. ग्लेनच्या हातातून तिने धनुष्य घेतलं, दमलेली बाजू वर आहे ना ते बघितलं, बाण लावला आणि ओढलं. चाळीस दिवस, सकाळी शंभरदा, संध्याकाळी शंभरदा. दोरी तिच्या कानापर्यंत अशी गेली जशी घरी आली.

"कात्रीनमावशी, विंगेत! विंगेत!" अंतोन किंचाळला. हे वाक्य वहीत नव्हतं.

ती तशीच थांबली, दोन श्वास. मांडवात डास ऐकू येत होते. मग तिने सोडलं.

बाण पेंढ्याच्या भाऱ्यातून आरपार गेला, माझ्या हातातली वही उडवून गेला आणि पातेल्यावर आदळला. चर्चची घंटा वाजली असं समजून दोन म्हातारे क्रूसाची खूण करायला लागले. चहा सांडला नाही, पण पातेल्याला जो पोचा पडला तो आजही आहे. गावात कोणाच्याही लग्नात चहा प्यायला गेलात तर बघून या. माझी वही सापडली ती दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या अंकाविना.

टाळ्यांनी मांडव हलला. वॉल्टर रडत होता, आनंदाने की भीतीने ते त्यालाही सांगता आलं नसतं. इनास मेस्त्री तोवर स्टेजपाशी पोचले होते. ते धनुष्याकडे बघत नव्हते. बघण्यासारखं तिथे तेवढंच असताना ते बायकोच्या तोंडाकडे बघत होते, वाट बघत.

कात्रीनबायने धनुष्य त्यांच्या हातात दिलं. "धर," म्हणाली. "कावडीची दोरी काढून ठेव. रात्रभर ताणलेली राहू नये."

मेस्त्रींनी दोरी काढली.

त्याला पुष्कळ वर्षं झाली. मिठागरांवर बिल्डिंगी आल्या. मध्ये मी मेस्त्रींकडे जायचो, शेजाऱ्यांच्या दारांच्या तक्रारी घेऊन, म्हणजे गप्पा मारायला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशनला "बघू". दिसत नसल्याने पेन्सिली गेल्या होत्या. बोटांनी लाकूड चाचपायचे आणि नखाने खूण करायचे. धनुष्य दारामागे, जिथे आधी कावड असायची तिथेच. सणाला ते मागायला पोरं यायची, कात्रीनबाय म्हणायची, "कावड न्या, पण पावसात ठेवू नका." एवढ्या वर्षांत मेस्त्रींनी तिला एकदाही सुधारलं नाही.

शेवटचं त्यांना बघितलं ती दुपार. ओसरीच्या पायरीवर बसून ते एका आंब्याच्या फळकुटावर काच फिरवत होते, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कात्रीनबाय सुपात वाल निवडत होती. दोन कॉलेजची मुलं आली, वही घेऊन. गावातल्या जुन्या वस्तू गोळा करून हॉलमध्ये मांडायच्या होत्या त्यांना. यादी वाचत होती मुलगी: रहाटाचं चाक, भात मोजायची पायली, जातं.

"आणि आजी, कावड," ती म्हणाली. "सगळ्यांनी सांगितलं, तुमच्याकडे जुनी धामणीची कावड आहे. चाळीस वर्षं वापरलेली. आहे ना?"

मेस्त्रींचा काच धरलेला हात फळकुटावर थांबला.

कात्रीनबायने सुपातला एक किडका दाणा उचलून अंगणात टाकला. वर बघितलंही नाही.

"कावड नाही," ती म्हणाली. "धनुष्य आहे."